सुकेना कुणाची

पिकीन, १२ मार्च १९९८

मासेर,

शांती आहे ना? इथे शांतीच आहे. घर शांतीत, गल्ली शांतीत, दाराशी बांधलेला मेंढासुद्धा शांतीत. रीत झाली. आता तुझ्या पत्राकडे वळते.

आधी हे सांगते की या खेपेला मी स्वतः लिहितेय. आजवर तुला गेलेली पत्रं नाक्यावरच्या मास्तरांनी फ्रेंचमध्ये लिहिलेली. मी बोलायचे, ते सजवायचे. हे मात्र आपल्या वोलोफमध्ये आहे, मदरशात पाटीवर गिरवलेल्या अरबी अक्षरांत. ओळी वर-खाली गेल्यात, सांभाळून घे. यात जे आहे ते मास्तरांना ऐकवण्यासारखं नाही.

तू विचारतोस, तिकडे तुझ्या खोलीवर राहणारा गाल्ये सांगतो ते खरं का? खरं आहे. तुझी सुकेना रॅप करते. शाळेतल्या पोरांबरोबर, हातात माईक घेऊन, चारचौघांसमोर. ती शनिवारी गणिताच्या शिकवणीला जाते असं मी तुला तीन पत्रांत कळवलं. ती जात नव्हती. पहिल्या पत्राच्या वेळी मला ठाऊक नव्हतं. पुढच्या दोन्ही वेळी होतं.

मला कळलं कसं, तेही सांगते. मासेवाली मागेट म्हणाली, "किने, तुझी भाची शाळेच्या मैदानावर आरडाओरडा करत असते, तिला काही झालंय का?" मी वहाण हातात घेऊनच निघाले. मैदानावर पन्नासेक पोरं गोल करून उभी होती, मधे एक मोठा टेपरेकॉर्डर, आणि त्याच्या धडधडीवर आपली सुकेना. शाळेचा निळा झगा, पायात तुझ्या जुन्या सपाता. मासेर, मी कानाला धरून ओढायला गेले होते. पण मी उभी राहिले. पोरं जे करत होती ते अमेरिकेच्या कॅसेटवरून उचललेलं भांडण होतं. ती जे करत होती ते मी ओळखलं. आई अंगणात मोठं पातेलं घासताना, ठेका धरून, श्वास न घेता, अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढायची ना? ते तासू. शब्द असे पडायचे की पातेल्यावर पाऊस पडतोय असं वाटावं. तेच होतं. मी हे पोरांना सांगितलंही. "अरे गाढवांनो, हे अमेरिकेहून आणलंत तुम्ही? हे आमच्या मागच्या अंगणात भांड्यांबरोबर वाळत पडलेलं असतं!" पोरं हसली. सुकेना हसली नाही. वहाणेकडे बघत म्हणाली, "आत्या, मारायचं असेल तर मार, पण आधी हे कडवं संपू दे."

मी संपू दिलं. माझा गुन्हा एवढाच.

तू लिहितोस, "तिनं कुणापुढे हात पसरू नये म्हणून मी माझी ढोलाची काठी मोडली." मला आठवतंय. मी तिथंच होते. आपण गेवेल. दुसऱ्यांच्या पिढ्या पाठ करायच्या, त्यांच्या बारशाला, लग्नाला उभं राहून त्या म्हणायच्या, ढोल वाजवायचा, आणि ते देतील ते घ्यायचं. ते हसून जेवायला घालतात, पण मुलगी देत नाहीत. आइदा गेयेनं तुझ्याशी लग्न केलं तेव्हा तिच्या बापानं दार लावून घेतलं. गेये आणि आपण सेक यांनी एकमेकांना भातखाऊ म्हणायचं, गुलाम म्हणायचं, भर बाजारात एकमेकांची टोपी उडवायची, ही जुनी थट्टा. थट्टा चालते. लग्न चालत नाही. तीन वर्षांनी ते तिला परत घेऊन गेले, आणि तू मांडीवर दोन वर्षांची पोर घेऊन या ओट्यावर बसलास. ढोल तर त्या दिवसापासूनच तुला नकोसा झाला होता. इटलीला तू आठ वर्षांनी गेलास, पण निघालास तेव्हाच.

तू म्हणतोस, तिनं हे थांबवून नर्सिंगच्या परीक्षेला बसावं, नाहीतर बहीण मेली असं समजशील. ती परीक्षेला बसेल, त्याची जबाबदारी माझी. थांबेल असं मी लिहून देत नाही. मला यापुढे तुझ्याशी खोटं बोलायचं नाही.

बहीण जिवंत आहे. गुडघे तेवढे दुखतात.

किने


पिकीन, ३ ऑगस्ट १९९८

मासेर,

शांती आहे ना? तुझं उत्तर नाही. पोस्टमन आला की मी ओट्यावर येते, तो लांबूनच हात हलवतो. असू दे. तू वाचत नसलास तरी मी लिहीन. मला गप्प बसता येत नाही, तो आपला धंदाच नव्हे.

परीक्षा झाली. सुकेना पास झाली, निकालाचा कागद सोबत जोडलाय. प्रवेश तिनं घेतला नाही. हे दोन्ही एकाच ओळीत लिहिते, म्हणजे तू पहिलं वाचून खूश होणार नाहीस.

आता लग्नाचं सांगते, कारण ते गाल्येच्या तोंडून तुझ्यापर्यंत भलतंच होऊन येईल.

बिराम फाल, कापडाचा व्यापारी, तुला आठवत असेल. त्याच्या पुतण्याचं लग्न होतं. मी गायला गेले, सोबत सुकेनाला नेलं, पिशवी धरायला. हेही तू मना केलं होतंस, ठाऊक आहे. मांडवात तीनशे माणसं, सगळ्या बायकांच्या अंगावर एकाच कापडाचे झगे. मी फालांची वंशावळ सुरू केली. त्या दिवशी माझा आवाज लागत नव्हता. बिरामनं मित्रांकडे बघून नोटांची गड्डी काढली. माझ्या हातात दिली नाही, कपाळाला लावली नाही. जमिनीवर टाकली. एकेक. म्हणाला, "जरा जोरात, म्हातारे! जेवढं वाकशील तेवढं मिळेल!" मित्र हसले.

मी वाकले, मासेर. हे तुला सांगायला नको होतं, पण सांगते. मी तीस वर्षं वाकत आलेय. मला त्यात काही वाटेनासं झालंय, आणि मला काही वाटत नाही हे त्या दिवशी मला तुझ्या मुलीच्या चेहऱ्यावर दिसलं.

तिनं माझ्या हातातून माईक घेतला. घासाघीस नाही, ओढाताण नाही, गरम भांडं घ्यावं तसा घेतला. म्हान्यिकला, तुझ्या शागिर्दाला, म्हणाली, "ठेका दे. हळू." आणि सुरुवात केली. गाऊन नव्हे, तिच्या त्या पद्धतीनं. बिराम फाल, मोदी फालचा मुलगा. मोदी, मोमार फालचा. मोमार फाल, ज्यानं केबेमेरच्या दुष्काळात बाजरीच्या कणगीचं झाकण काढून फेकून दिलं, आणि पोर कुणाचं हे विचारलं नाही. मोमार, ज्याच्या अंगणात रोज चाळीस कटोरे मांडले जायचे, आणि स्वतःचा शेवटी. ती सांगत गेली तसे म्हातारे ताठ बसले. बिरामची छाती फुगली. मी मनात म्हटलं, चला, पोर शहाणी आहे, सावरून घेतलं. आणि मग ती थांबली. ढोलही थांबला. म्हणाली:

"हाजी बिराम, तुमच्या वाडवडलांचं मला एवढं सांगितलेलं आहे. तुमचं काही सांगितलेलं नाही. तुम्ही काही केलंत की निरोप पाठवा, मी येऊन पुढे जोडून देईन. फुकट."



बिराम उठला. मला वाटलं आता हात उगारतो. तेवढ्यात त्याची आई, दाबाआजी, वय नव्वद, खुर्चीत बसल्या बसल्या खो खो हसायला लागली. इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. म्हणाली, "मोमार माझा सासरा. कणगीचं झाकण त्यानं फेकलं, ते माझ्या पायावर पडलं, ही बघा खूण! इतक्या वर्षांत कुणी हे नीट सांगितलं नव्हतं." तिनं स्वतःच्या अंगावरची शाल काढून सुकेनाच्या खांद्यावर टाकली, आणि मुलाला म्हणाली, "खाली पडलंय ते उचल. आणि बाईच्या हातात दे."

त्यानं उचललं. सगळं. वाकून.

घरी आल्यावर मी सुकेनाच्या थोबाडीत मारली. मोसम लग्नांचा, आणि आता आपल्याला कोण बोलावणार? खरंच कुणी बोलावलं नाही, अजून बोलावत नाही. ती गाल धरून म्हणाली, "आत्या, मी त्याला शिवी दिली का? एक तरी शब्द खोटा बोलले का?" नव्हती बोलली. आई सांगायची, खरा गेवेल ओळखायचा तो कुठे गप्प बसतो त्यावरून. मी आयुष्यात एकदाही योग्य जागी गप्प बसले नाही. ती सतराव्या वर्षी बसली.

मी दुसऱ्या खोलीत जाऊन रडले. का रडले ते तुला कळेल. तू नुसता वाजवणारा नव्हतास, तू चांगला वाजवणारा होतास.

किने


पिकीन, २० जानेवारी १९९९

मासेर,

शांती आहे ना? ईद झाली. कोंबडा छोटा होता पण चविष्ट निघाला. या पत्राबरोबर एक पाकीट आहे. त्यात कॅसेट आहे. झाकणावर जिचा फोटो आहे ती तुझी मुलगी. केसांचं काय केलंय ते मला विचारू नकोस.

कॅसेट झाली कशी, ते ऐक. स्टुडिओवाल्याला तिचा आवाज आवडला. म्हणाला, "पोरं रॅप करतील, तू मधे मधे ध्रुवपद गा. गोड गा. बाईनं ध्रुवपद गायलं की कॅसेट खपते." ती म्हणाली, "मग पोरांना गाऊ दे ना ध्रुवपद. त्यांचा आवाज फुटलाय, जरा गोड होईल." आणि निघून आली. चार महिने बसून राहिली. चार महिने मी ऐकत होते, "आत्या, मागेटच्या आईचं नाव काय? तिच्या आईचं?" मला वाटलं पोरीला वेड लागलं. पहाटे उठून मासळीबाजारात जाऊन बसायची, टोपलीवाल्या बायकांशी गप्पा मारायची. कपडे धुणाऱ्या बायका, रस्त्यावर कॉफी विकणारा तो लंगडा, हातगाडीवाले. प्रत्येकाला एकच प्रश्न. बाप कोण, त्याचा बाप कोण, काय करत होता, कशासाठी ओळखला जायचा. लोक आधी हसायचे. "आम्हाला कसली वंशावळ? आम्ही काय राजे?" मग आठवायला लागायचे. मग रडायचे.

शेवटी स्टुडिओवालाच घरी आला, तिसऱ्या चहापर्यंत बसला, आणि म्हणाला, बरं बाई, तुझं तू कर.

पहिल्या गाण्याच्या चार ओळी लिहिते, बाकी ऐक:

*मागेट कुणाची? आमीची. आमी कुणाची? बिंताची.*
*बिंता कुणाची? कुंबाची. टोपली? तीच, चौघींची!*
*राजाच्या सात पिढ्या तुम्हाला तोंडपाठ,*
*मासा जिच्या हातचा खाता, तिच्यापुढे मान का ताठ?*

मासेर, आपल्या घराण्यात दोनशे वर्षं गाणं आहे. जो देतो त्याची स्तुती. या पोरीनं काय केलं तर जो देऊ शकत नाही त्याची स्तुती केली. तेवढंच. आपल्या कुणाच्या कसं डोक्यात आलं नाही?

आता एक कबुली. तू तुझा ढोल माझ्याकडे ठेवून गेलास, कापडात गुंडाळून, "याला हात लागता कामा नये" असं बजावून. मी लिहीत आले की तो खिळ्यावर आहे, कापड तेच आहे. नाही. कॅसेटवर जो ढोल आहे तो तुझा. म्हान्यिकनं वाजवलाय. कातडं सैल झालं होतं, नवीन बकऱ्याचं बसवलं, मेखा त्याच. सुकेनानं मागितला नव्हता. मीच काढून दिला. मशीनचा ठेका तिच्या शब्दांखालून सारखा निसटत होता, मला बघवेना.

राग करायचा तर माझ्यावर कर. पण आधी ऐक.

किने


पिकीन, २६ नोव्हेंबर १९९९

मासेर,

शांती आहे ना? कॅसेट पोचली का, एवढं तरी कळव. गाल्ये म्हणतो, पाकीट तुझ्या गादीखाली आहे आणि तू ते फोडलेलं नाहीस. हे मला गाल्येकडून कळावं?

बरं. इथलं ऐक. मी हल्ली बाजारात जाऊ शकत नाही. दर दहा पावलांवर कुणीतरी हात धरतं. "तुम्ही सुकेनाची आत्या ना?" गेल्या आठवड्यात कारापिदमध्ये बसले, तो ड्रायव्हर तेच गाणं लावून बसलेला, आणि मागच्या फळीवर लटकलेला कंडक्टर प्रवाशांची तिकिटं काढता काढता ओरडत होता, "मागेट कुणाची?" आणि गाडीभर माणसं ओरडली, "आमीची!" मागेट गाडीतच होती. टोपली मांडीवर घेऊन बसलेली. मी म्हटलं, "अगं सांग ना त्यांना, मीच ती." ती म्हणाली, "गप गं. मजा येतेय, ऐकू दे." डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि मजा येतेय म्हणते.

निवडणुका तोंडावर आल्यात. एका पक्षाची माणसं तांदळाची पोती घेऊन आली, आमच्या साहेबांवर एक गाणं करा म्हणाली. सुकेनानं विचारलं, "साहेबांच्या आजीचं नाव काय?" कुणाला माहीत नव्हतं. "मग विचारून या." अजून आलेले नाहीत.

पण मी हे पत्र दुसऱ्याच कारणासाठी लिहायला घेतलंय. दुसरी कॅसेट आली, त्यात एक गाणं तिचं स्वतःचं आहे. एका बाजूला सेक, एका बाजूला गेये, मधे एक बंद दार. त्यात तिनं आइदाच्या घराण्याच्या सात पिढ्या म्हटल्यात, मानानं, एकही टोमणा न मारता. त्या मी शिकवल्या. त्यांच्या पिढ्या आपल्याकडेच तर असतात. ते विसरले तरी आपण विसरत नाही.

परवा दुपारी मी भात निवडत होते. अंगणातून आवाज आला, "भातखाऊ सेक घरी आहेत का? का सगळं खाऊन झोपले?"

सोळा वर्षांनी तो आवाज, मासेर. मी न बघता म्हटलं, "गुलाम गेये, मागच्या दारानं या, पुढचं दार मालकांसाठी आहे." आणि मग बघितलं. आइदा. जाड झालीये, केस पिकलेत. तिचं दुसरं लग्न झालंय हे तुला माहीत आहे, नवरा वारला हे माहीत नसेल. दोघी हसायला लागलो, मग हसता हसता काय झालं ते लिहीत नाही.

सुकेना बाहेरून आली. तिनं ओळखलं का नाही मला सांगता येत नाही. सलाम केला, पाणी आणून दिलं, समोर बसली. आइदानं पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला. शेवटी म्हणाली, "माझ्या वडलांचा निरोप आहे. त्यांनी कॅसेट ऐकली. म्हणतात, पाचवं नाव चुकलंय. मातार नाही. बरोबर काय ते त्यांच्या तोंडून ऐकायचं असेल तर थिएसला यायचं."

माझं डोकं फिरलं. नाव चुकलं? मी शिकवलेलं? मी भांडायला तोंड उघडलं तर सुकेनानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "चुकलं असेल, आत्या. ऐकून येते."

पाचवं नाव मातारच आहे, मासेर. त्या म्हाताऱ्यालाही ते माहीत आहे. त्याला ज्या नातीसाठी दार लावलं होतं तिला घरी बोलवायचं होतं, आणि सरळ बोलवायची त्याची हिंमत नव्हती. हे मला दोन दिवसांनी समजलं. तिला तिथंच समजलं.

ती गेली. म्हाताऱ्यानं तिला चटईवर नाही, स्वतःच्या पलंगावर बसवलं. सगळी नावं पहिल्यापासून म्हणायला लावली. पाचव्याला थांबून म्हणाला, "मातार. हं. बरोबर आहे. मलाच ऐकू कमी येतं."

एवढंच. तू असायला हवा होतास, असं मी म्हणणार नाही. तू नव्हतास, एवढं लिहिते.

किने


पिकीन, ९ मे २०००

मासेर,

शांती आहे ना? छोटं पत्र आहे. तिकडच्या आपल्या लोकांच्या मंडळानं सुकेनाला बोलावलंय. मिलान, बर्गामो, आणि ११ जूनला ब्रेशिया. व्हिसा झाला. रविवार आहे, तुझ्या कारखान्याला सुट्टी असेल.

तिनं तुझा पत्ता मागितला नाही, मी दिला नाही. तू जा असं मी सांगत नाही. तू मला मेलेली समजतोस, आणि मेलेल्यांचं कुणी ऐकत नाही. तारीख तेवढी कळवली.

ती थंडीला घाबरते. तिला सांगितलंय, जूनमध्ये तिकडे ऊन असतं. असतं ना?

किने


ब्रेशिया, १९ जून २०००

ताई,

शांती आहे ना? इथे शांती आहे. जूनमध्ये ऊन असतं.

तू दोन वर्षांपूर्वी लिहिलंस की यापुढे खोटं बोलणार नाही. मी मात्र बोलत राहिलो, म्हणजे गप्प राहून. आता सांगतो. कारखाना अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीतच सुटला. कागद संपले, नवे झाले नाहीत. मी तुला ते रागाचं पत्र लिहिलं तेव्हा कामावरून काढून तीन आठवडे झाले होते. मी इथे मोठ्या चौकात वाजवतो. आपला ढोलही नाही, जेंबे. गोऱ्यांना तोच माहीत. समोर टोपी ठेवतो. मुलीनं हात पसरू नये म्हणून काठी मोडणारा मी, हे लिहिताना मला तुझा चेहरा दिसतो. हसू नकोस. नाहीतर हस.

अकरा तारखेला मी जाणार नव्हतो. दुपारी नेहमीसारखा चौकात बसलो. गर्दी बरी होती. एक आपली मुलगी, अंगात मोठा कोट, पुढेच येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "ताई, जरा बाजूला हो, लोकांना दिसत नाही." ती बाजूला झाली. मी तासभर वाजवलं. ती तासभर उभी होती.

मग पिशव्या विकणारा एक पोरगा पळत आला, आपल्याकडच्या लूगा गावचा, आणि सगळा माल जमिनीवर टाकून ओरडला, "सुकेना सेक! अल्लाशप्पथ, सुकेना सेक!" आणि हातावर सही मागायला लागला.

असं मला कळलं, ताई. मी तिला बाजूला हो म्हटलं होतं. माझ्या पोटची पोर, आणि ओळखली कुणी, तर पिशव्या विकणाऱ्यानं. तुझं पाकीट मी उघडलं असतं तर फोटो तरी बघितला असता.

तिनं त्या पोराच्या हातावर सही केली, त्याच्या आईचं नाव विचारलं, त्याला वाटेला लावलं. मग माझ्यासमोर जमिनीवर बसली. चौक तिला गाल्येनं सांगितला होता, हे नंतर कळलं. मला वाटलं रडेल, नाहीतर बोलेल मला. म्हणाली, "बाबा, हे लोक चौथ्या ठोक्यावर टाळ्या वाजवतात आणि तुम्ही तो मुद्दाम उशिरा देता. त्यांची फजिती करता ना?"

मी म्हटलं, "दिवसभर दुसरं करायला काय आहे?"

ती जी हसली, ते अगदी आपल्या आईचं हसणं. नाव आईचं ठेवलं तेव्हा हे कुठे माहीत होतं.

टोपीकडे तिनं बघितलं नाही. मला आधी वाटलं माझी लाज राखतेय. नंतर कळलं, तिच्या लेखी ती टोपी होतीच, जसा जेंबे होता, जसा दगडाचा चौक होता. तिला त्यात लाजण्यासारखं काही दिसलंच नाही. लाज एकट्या माझी होती, आणि ती सांभाळायला मी तुम्हा सगळ्यांना आठ वर्षं लांब ठेवलं.

संध्याकाळी मी गेलो. मागच्या भिंतीशी उभा राहिलो. सहाशे माणसं, सगळी आपली, कारखान्यातली, शेतावरची, पिशव्या विकणारी. शब्द सगळ्यांना पाठ. ताई, मलाही होते. खोलीवर पोरं तिची कॅसेट लावायची आणि मी उठून जिन्यात जाऊन बसायचो. दाराआडून सगळं येत होतं. तोंडानं म्हणायला लागलो तेव्हा कळलं.

कार्यक्रम मी आयुष्यात बरेच बघितलेत, म्हणून सांगतो, मुलगी म्हणून नव्हे. ती आपल्या सगळ्यांपेक्षा मोठी आहे. आपण लोकांना ते कोण होते हे सांगायचो. ती सांगते तेव्हा माणसं तसं व्हायला लागतात. माझ्या शेजारी एक माणूस होता, कत्तलखान्यात काम करतो, मी त्याला मान वर करून चालताना कधी बघितलं नव्हतं. गाण्यातून बाहेर पडला तो वेगळाच.

तिनं मला स्टेजवर बोलावलं नाही. मी तिचा उपकार मानला.

सोमवारी सकाळी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. मी घरी येऊ शकत नाही, कागदांशिवाय निघालो तर परत येता येणार नाही, ते तिला सांगितलं. म्हणाली, "मग मी येत जाईन." गाडीला दहा मिनिटं होती. आम्ही बाकावर बसलो होतो.

आता जे लिहितो ते तुला लागेल, ताई. बाबांनी आपल्या घराण्याच्या सात पिढ्या आपल्या दोघांना शिकवल्या. तुला वाटत आलं की तेवढ्याच आहेत. आणखी दोन आहेत. त्या त्यांनी मला एकट्याला सांगितल्या, मी मुलगा म्हणून, ते वारले त्याच्या आदल्या वर्षी. मी त्या कुणाला सांगणार नव्हतो. ठरवलं होतं की माझ्याबरोबर इथल्या मातीत जाऊ द्यात, म्हणजे हे एकदाचं संपेल. सगळ्यात पहिलं नाव, जिथून आपण सेक गायला लागलो, ते बाईचं आहे. म्हणून की काय, बाबा ते दबक्या आवाजात बोलले होते.

मी ते तिला सांगितलं. नेहमीच्या आवाजात, बाकावर बसून, आसपास इटालियन लोक कॉफी पीत होते. तिनं लिहून घेतलं नाही. पहिल्यांदा म्हणताना अडखळली. दुसऱ्यांदा नाही. मग गाडी आली, तिनं माझे हात कपाळाला लावले आणि चढली. ती आली की तुला सांगेलच. तिच्या तोंडून ऐक, माझ्या पत्रातून नको, म्हणून इथे लिहीत नाही.

गाडी हलली तेव्हा ती खिडकीशी बसली होती. तिसऱ्यांदा म्हणत होती. काचेमुळे आवाज येत नव्हता, नुसते ओठ दिसत होते. मी गाडीबरोबर चालत गेलो आणि ओठांवरून एकेक नाव ओळखत गेलो.

सगळी होती.

मासेर